प्लॉटचा एजंट व्हायचंय? रेराची नोंदणी, परीक्षा आणि गुंठ्याचं गणित



एरवी आपण इथे भागाकार, जोडाक्षरं, शिष्यवृत्तीची तयारी यावर बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. पण गेल्या दोन-तीन वर्षांत पालक सभा संपली की हमखास कोणीतरी मागे थांबतं आणि विचारतं, "मॅडम, थोरलं पोरगं बारावी झालंय. भरतीचं वय निघून चाललंय. आता प्लॉटिंगचं काम करतो म्हणतंय. त्याला काही लायसन लागतं का?" प्राथमिकच्या शिक्षकाला हे का विचारतात? तर गावात कागद वाचून समजावून सांगणारं माणूस म्हणून अजूनही शाळेकडेच पाहिलं जातं. म्हणून हा विषय नीट वाचून काढला. जे समजलं ते इथे सोपं करून मांडते.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात हा धंदा एवढा का वाढला हे तुम्हाला सांगायला नको. सोलापूर-धुळे महामार्ग तुळजापूर-धाराशिववरून जातो, सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गाचं काम चालू आहे, आणखी मोठ्या रस्त्यांची चर्चा आहे. रस्ता येणार म्हटलं की वावराच्या कडेला फ्लेक्स आलाच. "हप्त्यावर प्लॉट", "देवीच्या पायथ्याशी घर", "भविष्यातली गुंतवणूक". त्या फ्लेक्सवर एक मोबाईल नंबर असतो, आणि फोन उचलणारा बहुतेक वेळा पंचवीस-तीस वर्षांचा, आपल्याच शाळेतून शिकून गेलेला मुलगा असतो. ग्राहक कोण? तोही बहुतेक वेळा आपल्यातलाच. निवृत्त झालेले गुरुजी, पतसंस्थेचं कर्ज काढलेल्या मॅडम, ऊसतोडीतून चार पैसे साठवलेलं जोडपं. म्हणजे विकणारं लेकरूही आपलं आणि घेणारा पालकही आपला. हा विषय समजून घ्यायला एवढं कारण पुरे.

कायदा काय म्हणतो

स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, 2016 हा केंद्राचा कायदा. सगळे याला रेरा म्हणतात. काही कलमं 1 मे 2016 ला आणि उरलेली 1 मे 2017 ला लागू झाली. आपल्या राज्यासाठी जे प्राधिकरण आहे ते महारेरा, स्थापना मार्च 2017. या कायद्यात पहिल्यांदाच बिल्डरबरोबर एजंटालाही नियमात बांधलं गेलं. त्याआधी दलाल म्हणजे ज्याच्या खिशात डायरी आणि तोंडात साखर, तो. कोणी विचारणारं नव्हतं.

एजंट म्हणजे कोण, याची व्याख्या कायद्याने बरीच रुंद ठेवली आहे. प्रकल्पातला प्लॉट, फ्लॅट किंवा इमारत यांच्या विक्रीत एका बाजूने दुसऱ्या बाजूशी बोलणी करणारा, गाठ घालून देणारा आणि त्याबद्दल कमिशन, फी किंवा कोणताही मोबदला घेणारा माणूस म्हणजे एजंट. स्वतःला तो ब्रोकर म्हणो, डीलर म्हणो, मध्यस्थ म्हणो, की "आपण फक्त ओळख करून देतो" म्हणो, कायद्याला फरक पडत नाही. कलम 9 सांगतं की नोंदणीशिवाय अशा माणसाने नोंदणीकृत प्रकल्पातली विक्री घडवून आणायची नाही. कलम 10 सांगतं की ज्या प्रकल्पाला नोंदणी करणं बंधनकारक आहे आणि ती झालेली नाही, त्यातलं काहीच विकायला हातभार लावायचा नाही. हिशेबाच्या वह्या ठेवायच्या, खोटी माहिती द्यायची नाही, आणि बुकिंगच्या वेळी ग्राहकाला जी माहिती व कागदं मिळण्याचा हक्क आहे ती मिळवून द्यायची.

न केल्यास? कलम 62. नियम मोडत राहील त्या प्रत्येक दिवसाला 10,000 रुपये दंड, आणि तो वाढत वाढत मालमत्तेच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. आता हे उदाहरण पाचवी-सहावीच्या वर्गातही घेता येईल. प्लॉट 12 लाखांचा. 5 टक्के म्हणजे 60,000. रोजचे 10,000 धरले तर किती दिवसांत मर्यादा गाठेल? सहा. समजा त्या पोराला दोन टक्के कमिशन मिळालं, तर ते होतं 24,000. अडीच दिवसांच्या दंडात ते संपलं! मुलांना शेकडेवारी शिकवताना असलं गणित दिलं तर वर्गात जरा जास्त शांतता पसरते.

लायसन्स कसं मिळतं

बोलीभाषेत आपण लायसन म्हणतो, कायद्याचा शब्द नोंदणी. सुरुवातीची काही वर्षं फॉर्म भरला, फी भरली, की नंबर मिळत होता. परीक्षा नव्हती. मग 10 जानेवारी 2023 ला महारेराने आदेश काढला की आधी प्रशिक्षण, मग परीक्षा, मग सक्षमता प्रमाणपत्र आणि त्यानंतर नोंदणी. मुदत एकदा-दोनदा वाढली आणि शेवटी 1 जानेवारी 2024 पासून हे सक्तीचं झालं.

प्रशिक्षण 20 तासांचं असतं आणि ते महारेराने मान्यता दिलेल्या संस्थेकडूनच घ्यावं लागतं. ऑनलाईनही होतं, त्यामुळे आपल्याकडच्या मुलाला त्यासाठी पुण्याला खोली करून राहायची गरज नाही. परीक्षा घेते आयबीपीएस, म्हणजे बँकांच्या भरतीच्या परीक्षा घेते तीच संस्था. पहिली परीक्षा 20 मे 2023 ला झाली. 423 जण बसले, 405 पास झाले. म्हणजे जवळपास 96 टक्के. टीईटीचा निकाल पाहिलेल्या आपल्यासारख्यांना हा आकडा वाचून हसू येतं, रागही येतो. पण माझं मत असं, की परीक्षा सोपी असली तरी ती असणं महत्त्वाचं. निदान एकदा तरी त्या माणसाला कायद्याची पानं उलटावी लागतात. बाहेर बघाल तर अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. टेक्सासमध्ये विक्री एजंटाला परीक्षेआधी 180 तासांचा अभ्यासक्रम करावा लागतो, कॅलिफोर्नियात 135 तासांचा. त्यापुढे आपले 20 तास म्हणजे उजळणी वर्गच. तरी शून्यापेक्षा वीस बरे.

या 20 तासांत शिकवतात काय? माझ्या दृष्टीने सगळ्यात उपयोगी भाग हाच आहे, आणि तो एजंट न होणाऱ्यानेही वाचावा. उदाहरणार्थ चटई क्षेत्र, म्हणजे कारपेट एरिया. घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येणारी जागा. बाहेरच्या भिंतींची जाडी यात धरायची नाही, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरायची नाही, पण आतल्या खोल्यांमधल्या भिंतींची जागा धरायची. पूर्वी बिल्टअप, सुपर बिल्टअप अशी नावं देऊन जिना आणि लिफ्टसुद्धा ग्राहकाच्या गळ्यात मारायचे. आता प्रकल्पात विक्री चटई क्षेत्रावर. मग मालकीहक्काचा अहवाल कसा वाचायचा, मालमत्तेवर आधीच कर्ज काढलंय का हे सर्साई या केंद्रीय नोंदणीत कसं पाहायचं, वाटपपत्र आणि विक्री करारनामा यांत फरक काय, ताबा दिल्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर दुरुस्ती कोणाची (बिल्डरची, तीही फुकट). आणि एक नियम मी तर स्टाफरूमच्या फळ्यावर लिहून ठेवला आहे: करारनामा करून त्याची नोंदणी होण्याआधी बिल्डर किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. 12 लाखांचा प्लॉट असेल तर 1 लाख 20 हजार. त्यावर "उद्या भाव वाढणार आहे, आजच पाच लाख टाका" असं कोणी म्हणत असेल तर तो नियम मोडायलाच सांगतोय.

प्रमाणपत्र हातात आलं की महारेराच्या संकेतस्थळावर अर्ज. पॅन, आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, मागच्या तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, आणि उत्पन्न तेवढं नसल्यामुळे ती भरली नसतील तर तसं घोषणापत्र. व्यवसायात वापरणार ते लेटरहेड, पावती, शिक्का यांचा नमुना. कोर्टात काही प्रकरण चालू असेल तर त्याची माहिती. एकट्या माणसाला फी 10,000 रुपये, कंपनी किंवा भागीदारी संस्था असेल तर 1 लाख. नोंदणी पाच वर्षं चालते आणि ती पूर्ण महाराष्ट्रासाठी असते. धाराशिवच्या पत्त्यावर नोंदणी केलेला मुलगा पुण्यातल्या वाघोलीचा फ्लॅटही विकू शकतो. मिळालेलं प्रमाणपत्र कार्यालयात दिसेल असं लावायचं आणि नंबर प्रत्येक कागदावर लिहायचा.

हे सगळं कागदावरच आहे असं समजू नका. परीक्षा न देता जुन्या नोंदणीवर काम चालवणाऱ्या सुमारे 20 हजार एजंटांची नोंदणी महारेराने 2024 मध्ये स्थगित केली. त्यामुळे व्हिजिटिंग कार्डावर नंबर छापलेला आहे एवढ्यावर विसंबू नये. तो आजच्या तारखेला चालू आहे का, हे संकेतस्थळावर पाच मिनिटांत दिसतं.

ए आणि पी: एवढं एक अक्षर ओळखा

आता लेखातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. महारेराचे नंबर दोन प्रकारचे असतात. एजंटाचा नंबर इंग्रजी 'ए' अक्षराने सुरू होतो, प्रकल्पाचा 'पी' अक्षराने. पहिली-दुसरीतलं लेकरूसुद्धा ही दोन अक्षरं ओळखतं. पण मोठी माणसं "रेरा नंबर आहे का?" एवढंच विचारतात, समोरचा आपला 'ए' वाला नंबर दाखवतो, आणि सगळ्यांचं समाधान होतं.

घोटाळा इथेच होतो. 'ए' नंबर म्हणजे या माणसाला एजंट म्हणून काम करायची परवानगी आहे. तो दाखवत असलेली जमीन कशी आहे, तिचा लेआऊट मंजूर आहे का, मालक खरा आहे का, यातलं एक अक्षरही त्या नंबरात नाही. ड्रायव्हिंग लायसन आणि गाडीची आरसी जशी वेगळी, तसंच हे. ड्रायव्हर पास आहे म्हणून गाडी चोरीची नाही असं होत नाही. प्रकल्पाचा 'पी' नंबर टाकला की संकेतस्थळावर मंजूर नकाशा, मालकीची कागदं, किती प्लॉट, किती विकले, पूर्ण कधी करणार, सगळं उघडतं. 1 ऑगस्ट 2023 पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा आहे. मोबाईल धरला की तीच माहिती समोर. आपल्या जिल्ह्यातले प्रकल्प शोधताना धाराशिव टाकून काही सापडलं नाही तर उस्मानाबाद टाकूनही बघा, सरकारी यंत्रणेत जुनं नाव लवकर सुटत नाही.

गुंठ्याचा पाठ

कोणत्या प्रकल्पाला 'पी' नंबर लागतो? नियोजन क्षेत्रातल्या अशा प्रकल्पाला, ज्याची जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त आहे, आणि इमारत असेल तर ज्यात आठपेक्षा जास्त सदनिकाही आहेत. जमीन 500 चौरस मीटरच्या आत असेल किंवा सदनिका आठच्या आत असतील तर सूट. मग आपल्या भाषेत 500 चौरस मीटर म्हणजे किती?

हा पाठ मी मैदानावर घेते. पाचवीचा वर्ग, सुतळीचा गुंडा, चार खुंट्या. 33 फूट लांब, 33 फूट रुंद चौकोन आखायचा. 33 गुणिले 33 किती? 1089. हा झाला एक गुंठा. मुलं त्या चौकोनात उभी राहतात आणि दरवर्षी कोणीतरी म्हणतंच, "एवढाच?" घरात लाख-लाखाचे आकडे ऐकलेले असतात, त्यामानाने जागा फारच लहान वाटते. असे 40 गुंठे म्हणजे एक एकर, 43,560 चौरस फूट.

पुढची गंमत सातबाऱ्यात. तिथे गुंठा नसतो, हेक्टर आणि आर असतं. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, चौरस फुटात साधारण 1076. बोलताना आपण आर आणि गुंठा एकच धरतो, पण एका गुंठ्यामागे जवळपास 13 चौरस फुटांचा फरक आहे. आता कायद्याची रेषा बघा. 5 आर म्हणजे बरोबर 500 चौरस मीटर, सुटीच्या आत. 5 गुंठे म्हणजे 505.86 चौरस मीटर, सुटीच्या बाहेर! सहा चौरस मीटरसाठी नियम बदलला. सातवीच्या मुलांना एकक रूपांतर का शिकायचं हे यापेक्षा चांगलं सांगता येत नाही.

आणि लक्षात घ्या, ही मर्यादा पूर्ण लेआऊटच्या जमिनीला आहे, एका प्लॉटला नाही. "आपला प्लॉट दीडच गुंठ्याचा आहे, त्याला कशाला रेरा" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. दोन एकरांचं वावर तोडून दीड-दीड गुंठ्यांचे प्लॉट पाडले असतील तर मोजायचे ते दोन एकर. टप्पे पाडून प्रत्येक टप्पा लहान दाखवण्याचीही सोय नाही, सगळे टप्पे मिळूनच मोजतात.

जिथे रेरा पोहोचत नाही

इथे मात्र पालकांना स्पष्ट सांगायला हवं. रेरा आहे प्रकल्पासाठी. शेतजमिनीची खरेदी-विक्री त्यात येत नाही. आणि आपल्या भागातला मध्यस्थ हा मुख्यतः वावरांचे सौदे करणारा. भूम, परंडा, वाशी, कळंब, लोहारा, कुठेही जा, आठवडी बाजाराच्या दिवशी हॉटेलात बसून इसार ठरतो. दोन्हीकडून किती टक्के घ्यायचे ते बोलीवर. या माणसाला शेतीच्या सौद्यासाठी रेराची नोंदणी लागत नाही, आणि त्याने ती काढलेली असली तरी त्या सौद्याला तिचं संरक्षणही नाही.

म्हणूनच कोणी शेतजमिनीचा गुंठा-दोन गुंठे "बॉन्डवर करून देतो" म्हणालं तर तिथूनच परत फिरावं. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी ग्रॅच्युइटीतून असा दीड गुंठा घेतला. कागद शंभराच्या बॉन्डवर, नोटरी केलेला, दोन साक्षीदार, फोटोसुद्धा. पैसे पूर्ण दिलेले. सातबाऱ्यावर नाव लावायला गेले तेव्हा कळलं की लेआऊट मंजूर नाही, जमीन अजून शेतीच आहे आणि दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदवलेलंच नाही. त्याच प्लॉटचा तसाच बॉन्ड आणखी एकाकडे निघाला. सर आयुष्यभर मुलांना सही करण्याआधी वाचायला शिकवत आले. पण मध्यस्थ त्यांचाच विद्यार्थी होता. तो वाकून पाया पडला, सरांनी वाचलं नाही. त्या मुलालाही फसवायचं होतं असं मला वाटत नाही. त्याला स्वतःलाच बॉन्ड आणि नोंदणीकृत खरेदीखत यातला फरक ठाऊक नव्हता. तो कमिशनपुरता मधे होता.

अशा जमिनीला तुकडेबंदी आडवी येते. 2023 च्या अधिसूचनेनुसार जिरायत 20 गुंठे आणि बागायत 10 गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र. अलीकडे यात काही सवलती आल्या आहेत, पण त्या सगळ्या वावरांना लागू नाहीत. त्यामुळे आपल्या गटाला काय लागू आहे ते दुय्यम निबंधक कार्यालयात गट नंबर घेऊन विचारायचं, हॉटेलात नाही. शेतजमीन घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो, हीदेखील अट आहे.

आपल्या मराठवाड्याची आणखी एक खासियत. 1948 पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद राज्यात होतो, त्यामुळे इथल्या जमिनींचा इतिहास वेगळा. मदतमास, खिदमतमास असली इनामं, देवस्थानच्या जमिनी, हैदराबाद कूळ कायदा 1950 मधली संरक्षित कुळं. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' असं लिहिलेलं असेल किंवा 'इतर अधिकार' या रकान्यात इनामाची, कुळाची, बँकेची नोंद असेल तर तिथे थांबायचं. सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अशी जमीन विकता येत नाही, काही प्रकारांत नजराणा भरावा लागतो. 20 तासांचा अभ्यासक्रम पूर्ण राज्यासाठी एकच असल्याने आपल्याकडच्या मुलाने हे ज्यादा शिकावं लागेल. जुने फेरफार वाचून दाखवणारा एखादा निवृत्त तलाठी (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) गावात असेल तर त्याच्याजवळ चार दुपारी बसवा. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत ऑनलाईन निघतो, सरावाला घरचाच गट घ्या.

मग मुलाला करू द्यावं का?

पालक शेवटी हेच विचारतात. माझं उत्तर: करू द्या, पण आधी कुठे काम करणार ते ठरवू द्या. जिल्ह्यातल्याच वावरांचे सौदे करायचे असतील तर रेराची फी भरून लगेच उपयोग नाही, जमिनीचे कागद शिकण्यात सहा महिने घालवले तर फायदा जास्त. पुणे, सोलापूर, लातूर, संभाजीनगरच्या प्रकल्पांची विक्री करायची असेल, किंवा इथे एखाद्या मंजूर लेआऊटचं काम मिळणार असेल, तर नोंदणी हवीच. पुण्यात आपल्याकडची कितीतरी मुलं साईटवर विक्रीचं काम करतात. गावाकडचे नातेवाईक त्यांच्याकडूनच फ्लॅट घेतात, ही त्यांची मोठी ताकद आहे.

उत्पन्नाचं मात्र स्वप्न दाखवू नका. कमिशनचा दर रेराने ठरवून दिलेला नाही. महिनोन्महिने काही मिळत नाही, मग एकदम मिळतं. पेट्रोल, फोन, चहापाणी रोजचं. ज्या घरात दर महिन्याला पगाराची गरज आहे, तिथे एकट्या या धंद्यावर चूल अवलंबून ठेवू नये. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना मी सांगते, सराव सोडू नका, 20 तासांचं प्रशिक्षण त्यासोबत सहज बसतं.

आता शिक्षक मित्रांशी थोडं स्पष्ट बोलते, राग मानू नका. आपल्यातही काही जण रविवारी प्लॉट दाखवतात. काहींनी बायकोच्या नावावर नोंदणी काढली आहे, पण फोन गुरुजीच उचलतात आणि तोही मधल्या सुट्टीत. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्याला वर्तणूक नियमांप्रमाणे परवानगीशिवाय खाजगी धंदा करता येत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. नियम बाजूला ठेवला तरी पालक आपल्यावर जो विश्वास ठेवतात तो वर्गातल्या कामामुळे. "सरांनी सांगितलं म्हणून घेतला" हे वाक्य प्लॉट बुडाल्यावर गावात किती वर्षं फिरतं ते वरच्या मुख्याध्यापकांच्या उदाहरणात उलट्या बाजूने पाहिलंच. पत्नी खरोखरच स्वतः शिकून, परीक्षा देऊन, स्वतः व्यवहार सांभाळत असेल तर ती गोष्ट वेगळी, आणि कौतुकाची. अशा वेळीही कार्यालयाला कळवून ठेवलेलं चांगलं.

तक्रारीबद्दल दोन शब्द, कारण हे कोणी सांगत नाही. रेराखाली तक्रार फक्त बिल्डरविरुद्ध नाही, एजंटाविरुद्धही करता येते. ती ऑनलाईन करायची, फी 5,000 रुपये. त्यासाठी हातात काय लागेल? एजंटाचा नंबर, प्रकल्पाचा नंबर, पैसे दिल्याचा बँकेचा पुरावा, त्याने पाठवलेली जाहिरात किंवा व्हॉट्सॲपवरचे मेसेज. म्हणून पैसे रोखीने एजंटाच्या हातात देऊ नयेत, चेकने किंवा ऑनलाईन थेट प्रकल्पाच्या खात्यात भरावेत, आणि मेसेज डिलीट करू नयेत. वाटपपत्रात आणि करारात एजंटाचं नाव आणि नंबर लिहून घ्यावा. व्यवहार फसला की "मी तर फक्त ओळख करून दिली" म्हणत पहिला गायब होणारा तोच असतो.

वर्गात घ्यायचा असेल तर पुढच्या शनिवारी दप्तराविना शाळेत हा उपक्रम छान होतो. सुतळी, खुंट्या, एक टेप. मुलांनी घरून एका सातबाऱ्याची प्रत आणायची (नावं झाकून घ्या, भावकीतली भांडणं वर्गात नकोत), गटाचं क्षेत्र आरमध्ये वाचायचं, गुंठ्यात आणि चौरस फुटात बदलायचं. मग गावाकडे येणाऱ्या रस्त्यावरच्या फ्लेक्सवर 'पी' शोधायचा. आमच्या मुलांनी मागच्या वेळी चार फ्लेक्स पाहिले. दोनवर 'ए' होता, दोनवर नुसताच मोबाईल नंबर.